ख्राइस्टचर्चच्या जुन्या ट्रॅममधील जेवण : माळकरी आई-वडिलांना नेण्याजोगे आहे का?

अंबाजोगाईकर

सर्वांना नमस्कार. माझे आई-वडील येत्या डिसेंबरात प्रथमच परदेशी जात आहेत. धाकटी बहीण न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे नोकरीनिमित्त राहते आणि तिच्याकडे त्यांचा महिनाभर मुक्काम असेल. त्या शहराच्या मध्यभागी जुन्या ट्रॅम चालतात आणि त्यांतील एका डब्यात टेबले मांडून संध्याकाळी जेवण वाढले जाते. डबा रुळांवरून फिरत राहतो आणि जेवता जेवता शहर पाहून होते, असे तिने कळवले आहे. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्यामुळे त्या निमित्ताने त्यांना तेथे न्यावे, असा तिचा बेत आहे.

बेत मला आवडला, पण काही शंका आहेत. दोघेही माळकरी आहेत, त्यामुळे मांस, मासे, अंडे आणि मद्य पूर्ण वर्ज्य आहे. वडिलांना मधुमेह असून जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. आईचे गुडघे दुखतात आणि बसमध्ये कधी कधी तिला मळमळते. वडील शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असत. त्यांना जेवणापेक्षा ती गाडी चालते कशी यातच अधिक रस असेल, हे मी आताच सांगते. मराठवाड्यात ट्रॅम कधी नव्हतीच आणि मुंबईची ट्रॅम १९६४ साली बंद झाली, म्हणून आमच्या घरात कोणीही ट्रॅममध्ये बसलेले नाही. अशा जेवणाचा अनुभव कोणाला असल्यास, तो खर्च सार्थकी लागतो का, आणि शहर खरोखर पाहून होते का, हे कृपया सविस्तर सांगावे.

खडखडाट (परभणी)

ताई, मी काही वर्षे मेलबर्नमध्ये विद्युत विभागात काम करत होतो आणि तेथील ट्रॅम-रेस्टॉरंटमध्ये जेवलो आहे. ते १९८३ साली सुरू झाले होते आणि २०१८ साली जुन्या डब्यांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरून त्याला रुळांवर येण्याची परवानगी नाकारण्यात आली, त्यामुळे आता ते मिळणार नाही. मात्र आपल्याला त्याचा उपयोग असा की ख्राइस्टचर्चचा जेवणाचा डबाही मूळचा मेलबर्नचाच आहे; डब्ल्यू-२ या वर्गातील तो डबा विसाच्या दशकातील घडणीचा आहे. त्यामुळे डब्याविषयी मी जे सांगतो ते तेथेही बऱ्याच अंशी लागू पडावे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण बहुतेकांची निराशा तेथेच होते. अशा जेवणातून शहर पाहून होईल ही अपेक्षा वेळ नीट निवडली नाही तर फोल ठरते. बाहेर अंधार आणि आत दिवे अशी स्थिती झाली की खिडकीची काच आरशासारखी वागू लागते. मी मेलबर्नमध्ये हिवाळ्यात, रात्री उशिराच्या फेरीत बसलो होतो. अर्धा वेळ मला काचेत माझेच ताट आणि मागच्या टेबलावरचे गृहस्थ दिसत होते, आणि शहराच्या नावाने केवळ सिग्नलचे लाल-हिरवे ठिपके. पदार्थ चांगले होते, सेवा उत्तम होती, परंतु कोणत्या रस्त्याने गेलो हे मला सांगता आले नसते.

आपला बेत डिसेंबरचा आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. ख्राइस्टचर्च दक्षिण गोलार्धात सुमारे साडेत्रेचाळीस अंशांवर आहे आणि तेथे उन्हाळ्यात घड्याळेही एक तास पुढे केलेली असतात. डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे सात वाजताच्या सुमारास जेवायला बसले तर पहिले दोन पदार्थ लख्ख उजेडात आणि गोड पदार्थ संधिप्रकाशात, असा योग जुळतो. तेथेच जूनमध्ये पाच वाजता दिवस संपतो. तेव्हा कोणी विचारले असते तर मी स्पष्ट नको म्हणालो असतो.

आता वडिलांसाठी. या जुन्या गाड्यांना वरच्या तारेतून दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मिळतो. मेलबर्नमध्ये तो साधारण ६०० व्होल्टचा असतो. प्रवाह डब्यातील यंत्रातून मोटारींत जाऊन चाकांवाटे रुळांत उतरतो आणि मंडल पूर्ण होते. चालकाच्या पुढ्यात एक पितळी मूठ असते. ती एकेक खाच पुढे सरकवली की मोटारींच्या वाटेतील रोध टप्प्याटप्प्याने कमी होतो. आरंभी मोटारी एकसर जोडणीत असतात आणि वेग आल्यावर समांतर जोडणीत जातात. वडिलांनी ही जोडणी फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल. प्रत्येक खाचेला डब्याला बारीकसा हिसका बसतो आणि पेल्यातले पाणी मागच्या काठाकडे चढते. कसलेला चालक खाचांमध्ये पुरेसा अवकाश ठेवतो, म्हणून जेवणाच्या डब्यात पाणी क्वचितच सांडते. रुळांचा सांधा किंवा दुसऱ्या मार्गाचा छेद आला की मात्र काटे-चमचे किणकिणतात. तो आवाज मला तरी आवडला.

मळमळीची चिंता मला फारशी वाटत नाही. बसमध्ये त्रास होतो तो वळणे, खड्डे आणि अचानक लागणारे ब्रेक यांमुळे. ट्रॅमचा वेग कमी असतो आणि रूळ सपाट असतात. पायऱ्या मात्र उंच असतात, कारण ही गाडी शंभर वर्षांपूर्वीच्या कल्पनेने बांधलेली आहे. मूळ रचनेत डब्याचा मधला भाग खाली आणि दोन्ही टोके एक पायरी वर असत. गुडघ्यांविषयी नोंदणी करतानाच सांगावे आणि प्रवेशदाराजवळचे टेबल मागावे.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

मी मिलानमध्ये अशा ट्रॅममध्ये जेवलो आहे. तेथील डबे १९२८ च्या नमुन्याचे आहेत आणि त्याच जातीचे डबे आजही रोजच्या प्रवाशांना नेतात. काही तर सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरही धावतात. जेवणापुरते सांगायचे तर डब्यात स्वयंपाकघर म्हणावे असे काही नसते. आपल्या घरातील देवघराएवढ्या जागेत ओव्हन, शीतकपाट आणि दोन माणसे असतात. बहुतेक पदार्थ बाहेर तयार होऊन येतात आणि डब्यात ते गरम करून मांडले जातात. याचा अर्थ असा की टेबलावर बसल्यानंतर "यात अंडे आहे का, नसलेले काही द्या" असे म्हणून उपयोग होत नाही, कारण देण्यासारखे दुसरे काही गाडीत नसतेच. जे सांगायचे ते काही दिवस आधी, लेखी, आणि पदार्थागणिक सांगितले पाहिजे.

केवळ "शाकाहारी" असे लिहून भागत नाही, हे मी युरोपातील दुसऱ्या एका शहरात अनुभवले. तेथे एका नावाजलेल्या ठिकाणी शाकाहारी म्हणून आलेल्या भाताला माशांच्या अर्काचा वास येत होता आणि वाढपी अत्यंत नम्रपणे सांगत होता की यात मासा नाही, केवळ त्याचे पाणी आहे. त्यांच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. म्हणून आपल्या बहिणीने पुढील गोष्टी नावानिशी विचाराव्यात. सूप आणि भात यांतील पाणी भाज्यांचे आहे का. सॉसमध्ये वाइन आहे का. शिजल्यावर मद्य उडून जाते असे ते सांगतील, पण माळकऱ्याला तो हिशेब चालत नाही. वूस्टरशायर सॉस घातला आहे का, कारण त्यात परंपरेने अँकोव्ही नावाचा मासा असतो. पार्मेझानसारखे चीज आहे का, कारण ते वासराच्या जठरातील विकर वापरून विरजले जाते. आणि सर्वांत फसवे प्रकरण गोड पदार्थांचे असते. पन्ना कोट्टा आणि बरेचसे मूस जिलेटिनने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या पदार्थाने, घट्ट केलेले असतात. न्यूझीलंडमध्ये तर पाव्लोव्हा नावाचा पांढराशुभ्र, वर फळे रचलेला पदार्थ अभिमानाने वाढतात. त्याच्या मालकीवरून त्यांचा ऑस्ट्रेलियाशी जुना वाद आहे. तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा आणि साखरेचा असतो. दिसतो इतका निष्पाप की आई सहज चमचा घालतील.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे "वीगन", म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही नसलेले, जेवण मागणे आणि त्यात पुन्हा "मद्य नको" एवढी भर घालणे. दूध-दही जाईल, पण अंडे, जिलेटिन, चीज आणि माशाचे पाणी हे चारही प्रश्न एका शब्दात मिटतील.

गोदातीर (नांदेड)

मला हा प्रकार एकूणच पटत नाही आणि विरोधी मतही धाग्यात असावे म्हणून लिहितो. शहर पाहायचे असेल तर पायी फिरावे. जेवायचे असेल तर स्थिर टेबलावर जेवावे. दोन्ही एकदम करू गेल्यास लक्ष अर्धे ताटात आणि अर्धे खिडकीत राहते. शिवाय ख्राइस्टचर्चचा मार्ग म्हणजे मध्यवर्ती भागातील एक लहानसे वेटोळे आहे. दिवसाच्या साध्या ट्रॅममधून ते तासाभरात पुरे होते. जेवणाच्या वेळी गाडी त्याच वेटोळ्यावर पुन्हा पुन्हा फिरते. तिसऱ्यांदा तोच चौक आला की गंमत ओसरते. तेवढ्या पैशांत बहिणीने घरी पुरणपोळी करावी, दिवसा साध्या ट्रॅमचे तिकीट काढावे आणि हवे तेथे उतरून-चढून शहर दाखवावे. तिकीट दिवसभर चालते, असे मला तेथील नातेवाइकांनी सांगितले आहे.

कोणाला ट्रॅमचीच हौस असेल तर आधी कोलकाता पाहावे. तेथे १८७३ साली घोड्यांची ट्रॅम आली, १९०२ पासून ती विजेवर धावू लागली आणि भारतात आज ती फक्त तेथेच उरली आहे. २०२४ साली राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढाच वारसा-मार्ग ठेवून बाकीचे मार्ग बंद करण्याचे जाहीर केल्यामुळे तेथे जायचे तर उशीर करू नये.

खडखडाट (परभणी)

गोदातीर, दिवसाच्या फेरीविषयी आपण म्हणता ते मान्य आहे आणि ताईंनी ती अवश्य करावी. पुन्हा पुन्हा तोच चौक येतो, हे मात्र मी दोष मानत नाही. जेवताना माणूस पूर्ण वेळ बाहेर पाहत नाही. पहिल्या फेरीत जे बोलण्याच्या नादात निसटते ते दुसऱ्या फेरीत सापडते, आणि तेवढ्यात उजेड बदललेला असतो. नवी नवी ठिकाणे दाखवणारी गाडी असती तर आई-वडिलांना घास खाली ठेवून सतत मान वळवत बसावे लागले असते. पन्नास वर्षे सोबत काढलेल्या जोडप्याला एका संध्याकाळी शहराची यादी संपवायची नसते, असा माझा समज आहे.

मांजराकाठ (लातूर)

वरील चर्चेत एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती लिहितो. ख्राइस्टचर्च हे भूकंप सोसलेले शहर आहे. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी झालेल्या भूकंपात तेथे १८५ माणसे गेली, मध्यवर्ती भाग उद्ध्वस्त झाला आणि ज्या चौकाला कॅथीड्रलचे नाव आहे त्या कॅथीड्रलचा मनोरा कोसळला. ट्रॅमचा मार्ग नेमका याच भागातून जातो, त्यामुळे ती बंद पडली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या शहराने आपल्या जुन्या ट्रॅम १९५४ सालीच मोडीत काढल्या होत्या. १९९५ मध्ये पर्यटनासाठी नव्याने रूळ टाकून त्यांनी ती परत आणली, आणि भूकंपानंतर दुसऱ्यांदा परत आणली.

मी किल्लारीच्या पट्ट्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुनर्वसनाच्या गावांतील सरळ रेषेतले रस्ते आणि जुन्या गावठाणातले दगडमातीचे ढीग यांतील फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अंबाजोगाई तेथून फार दूर नाही. ताईंच्या आई-वडिलांनाही ती पहाट आठवत असणार. ट्रॅमच्या खिडकीतून एकीकडे चकचकीत नवी इमारत आणि शेजारी मोकळा, खडी पसरलेला भूखंड असे दृश्य वारंवार येते. अन्य पर्यटकाला तो गाड्या उभ्या करण्याचा तळ वाटतो. तेथे काय होते, हे बहिणीने आधी वाचून ठेवले तर वडील नक्की विचारतील आणि तिला सांगता येईल. मी तेथे मुलाकडे गेलो असता हेच केले होते, आणि आमच्या टेबलावर बराच वेळ ताटाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

याच्या उलट न्यू रीजंट स्ट्रीट हा १९३२ सालचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना फिक्या रंगांची, स्पॅनिश धाटणीची, एकमेकांना जोडून बांधलेली दुकाने आहेत आणि ट्रॅम त्यांच्या मधून इतकी जवळून जाते की बाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांच्या कपातला चहा दिसतो. तो भाग उजेडात यावा, याची काळजी घ्यावी. दिवसाच्या फेरीत आर्ट्स सेंटरच्या थांब्यावर वडिलांना घेऊन उतरावे. ती जुन्या कँटरबरी कॉलेजची वास्तू आहे आणि अणुकेंद्राचा शोध लावणारे अर्नेस्ट रदरफर्ड तेथे शिकले. अणुकेंद्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या शिक्षकाला त्या जिन्यावर पाय ठेवताना काय वाटेल, हे मी लिहीत बसत नाही.

आणखी एक. नोंदणीची तारीख ठरवण्यापूर्वी पंचांग पाहावे. डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष आलाच. चातुर्मास संपलेला असल्यामुळे कांदा-लसणाचा प्रश्न बहुधा नसेल, परंतु एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार मध्ये येतात. आमच्या सौभाग्यवतींनी गुरुवारी महालक्ष्मीची मांडणी मुलाच्या घरीही सोडली नव्हती. ऐन उपवासाच्या दिवशी पाच पदार्थांचे जेवण समोर येणे, हा पैशांचाही अपव्यय आणि मनस्तापही. तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते, त्यामुळे तिथी तेथील सूर्योदयानुसार पाहावी लागते. इकडच्या दिनदर्शिकेतली एकादशी तेथे जुळेलच असे नाही.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

पंचांगाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नसता. वडिलांच्या मधुमेहाविषयी लिहायचे राहिले होते. अशा जेवणात पदार्थ एकामागून एक, बऱ्याच अंतराने येतात. बसल्या बसल्या पाव आणि लोणी मिळते, मग सूप, आणि मुख्य पदार्थ येईपर्यंत कधी कधी तास उलटतो. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन टेबलावर बसताच घेतले आणि पोटात केवळ दोन चमचे सूप गेले, तर साखर उतरण्याची भीती असते. औषधाची वेळ कोणत्या पदार्थाबरोबर धरायची, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि बहिणीने पर्समध्ये काही गोड ठेवावे. डब्यात स्वच्छतागृहाची काय सोय आहे, हेही नोंदणीच्या वेळीच विचारावे. मधुमेही माणसाला भिडेपोटी बसून राहावे लागू नये.

अंबाजोगाईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहिणीशी बोलणे झाले. दिवसाची फेरी वेगळ्या दिवशी करायची, त्या दिवशी आर्ट्स सेंटर आणि वनस्पती उद्यान पाहायचे, आणि जेवणाची नोंदणी उपवास टाळून, संध्याकाळच्या लवकरच्या वेळेची करायची, असे ठरले आहे. वीगन जेवणाची सूचना तिने पदार्थांच्या यादीसह लेखी पाठवली आहे. गोदातीर काका, पुरणपोळी लग्नाच्या वाढदिवसाच्या दिवशी घरीच होणार आहे, त्यामुळे आपला सल्लाही वाया गेलेला नाही. किल्लारीचा संबंध माझ्या मनात आला नव्हता. वडिलांना सांगितले तेव्हा ते त्या रात्री मदतीसाठी गेलेल्या शिक्षकांविषयी बराच वेळ बोलत राहिले, जे आम्ही यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

आता एकच शंका राहिली आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बाके असतात. आईला कोणत्या बाजूला बसवावे?

खडखडाट (परभणी)

गाडीच्या दिशेने तोंड करून बसवावे. गाडी सुटताना अंग मागे पाठीला टेकते, म्हणून हिसका जाणवत नाही. उलट्या दिशेने बसलेला माणूस त्याच वेळी टेबलाकडे झुकतो आणि ज्यांना मळमळते त्यांना उलटा प्रवास अधिक त्रासदायक होतो. वळणावर सूप आले तर वाटी उचलून हातात धरावी, त्यात कसलाही संकोच नको. वडिलांना समोर, पण चालकाच्या बाजूला जाणारी वाट दिसेल असे बसवावे. गाडी चालू असताना चालकाशी बोलू देत नाहीत. मात्र सुटण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे लवकर पोहोचून, निवृत्त शिक्षक आहेत आणि ती मूठ जवळून पाहायची आहे, असे विनंतीने सांगितले तर बहुधा कोणी नाही म्हणणार नाही.